तांबड्या गाडीचा मागचा उतार

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. आमच्या आरमोरीत माणूस सकाळी शिंकला तर दुपारपर्यंत बाजारात त्याच्या सर्दीची चर्चा होते. अशा गावात राहून एक गोष्ट जन्मभर पोटात ठेवायची, हे काय सोपं काम आहे? ते मी केलं. बाकी फार काही धड केलं नसेल, पण हे चोख केलं.

तुम्ही म्हणाल, असं काय केलंस बाबा? कोणाचा जीव घेतला? नाही. चोरी? — इथे जरा अडखळतो मी. चोरीच म्हणावी लागेल. पण ज्याची वस्तू होती त्यानं ती आपल्या हातानं माझ्या हातात ठेवली, अशी चोरी. ते येईलच पुढे. आधी गाड्यांचं सांगतो, कारण गाड्यांचं सांगायला मला अजून आवडतं. आणि खरं सांगू? तेवढीच टाळाटाळ करायला मिळते.

आम्ही सुतार. बाप बंड्या, म्हणजे ओझ्याच्या बैलगाड्या, करायचा आणि रेंग्या करायचा. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी, देखणी बंडी. थंडीत आमच्याकडे शंकरपट भरतो, बैलजोड्यांच्या शर्यती. त्या पटाला सारा मुलूख रेंग्या जुंपून येतो. लोक आधी बैल पाहतात, मग रेंगी पाहतात, आणि मग आत कोण बसलंय ते. तेव्हा रेंगी कशी दिसते यावर आमच्या चुलीचं भागायचं. ओझं तर कुठलीही बंडी वाहते.

मी थोरला, गणपत. तुळशीराम माझ्या पाठचा. माझं काम साफ. माझ्या सांध्यात मुंगी शिरणार नाही, असं बाप चार लोकांत सांगायचा. तुळशीरामचे सांधे ढिले. बाप त्याला ओरडायचा, मी मागून जाऊन ते ठोकून घट्ट करायचो. पण दोघांच्या रेंग्या शेजारी उभ्या केल्या, तर येणारा माणूस माझी पाहून 'छान आहे' म्हणायचा, आणि त्याच्या रेंगीपुढे उभाच राहायचा. काही न बोलता. हे मला फार लवकर कळलं होतं. ते उभं राहणं मी मनात मोजायचो, आणि जळायचो. दुसरा शब्द कशाला शोधू?

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. जिल्ह्याला अजून चांदाच म्हणायचे. एका थंडीत नागपूरकडून दोन शौकीन साहेब शिकारीला आले, आणि आले ते दोन विलायती गाड्या घेऊन. त्याआधी आम्ही मोटार म्हणून काय पाहिलं होतं? जंगलाचे ट्रक, आणि क्वचित एखादी काळी, उभी, पेटीसारखी मोटार. या दोन्हींना छतच नव्हतं. बसायला दोनच जागा. जमिनीला इतक्या लागून, की उभ्या माणसाला आत वाकून पाहावं लागे. माझ्या बापानं दोन्हींभोवती फेरी मारली आणि पहिलाच सवाल केला, "यात बायकापोरं कुठी बसतेत?"

एक हिरवी, एक तांबडी. वैनगंगेवर तेव्हा पूल कुठला? पाणी ओसरलं की रेतीवर बांबूचे तट्टे अंथरायचे आणि त्यावरून बंड्या, ट्रक जायचे. तांबडी तिथे रुतली. तिच्या नाकाला दोर बांधून बैल जुंपले. ती काठ चढून वर गेली तेव्हा आम्ही सारे खाली रेतीत उभे होतो. म्हणजे आम्हाला सगळ्यांना ती पहिल्यांदा पुरती दिसली ती मागून. याला महत्त्व आहे. ती समोरून आली असती तर पुढचं सगळं घडलं असतं की नाही, कोण जाणे.

हिरवी गाडी नीट पार झाली, पण हिसक्यानं तिचं दार लागेना. म्हणून दोन्ही गाड्या आमच्या सुतारकामाच्या मांडवापाशी येऊन थांबल्या. बापानं दाराचं आतलं चामडं सोडवलं — आणि आत काय असावं? लाकूड. पत्र्याखाली सारा सांगाडा लाकडाचा, आणि दाराचा खांब उभा चिरलेला. बाप हसायलाच लागला. "अरे, हे तं आपलंच काम हाय," म्हणाला. त्यानं तिवसाच्या चिवट लाकडाचा तुकडा काढून माझ्याकडे दिला, आणि संध्याकाळपर्यंत मी तो खांब बसवला. तेवढा वेळ दोन्ही गाड्या आमच्या दारात, आणि अर्धं गाव त्यांच्याभोवती.

मी हिरवीचा झालो. माझा हात तिच्या पोटात गेला होता म्हणून असेल. पण तशीही ती मला पटली. समोर उभं, सरळ, चकचकीत गजांचं तोंड. दोन दिवे आपापल्या दांड्यावर, वेगळे. चाकावरचा पत्रा लांब लाट घेऊन पायरीला मिळणारा. मागे सरळ कापलेली पाठ आणि तिच्यावर पट्ट्यानं बांधलेलं जादा चाक. काय कशाला जोडलंय ते दिसत होतं. माझं म्हणणं होतं — अजूनही बऱ्याच अंशी आहे — की वस्तूनं आपले सांधे लपवू नयेत. तांबडी मला झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी वाटली. चाकावरचा पत्रा कुठे संपतो, अंग कुठे सुरू होतं, पत्ता नाही. मी तसं मोठ्यानं बोललो. लोक हसले. मला बरं वाटलं.

तुळशीराम या हसण्यात नव्हता. तो तांबडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला होता. तिची पाठ वरून खाली उतरत यायची, उतरता उतरता अरुंद व्हायची, आणि जमिनीला टेकणार असं वाटतं तिथे थांबायची. तो तेच पाहत होता. बऱ्याच वेळानं मला म्हणाला, "दादा, हे उभी हाय, तरी चालून राह्यली."

एवढंच. पण मी दिवसभर त्या गाडीवर बोललो होतो आणि असं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. ते ऐकलं आणि मला तांबडी दिसली. खरोखर दिसली. तीच सुंदर होती. हे मला त्या संध्याकाळीच कळलं होतं. मग मी गप्प का नाही बसलो?

साहेब जंगलातल्या शिकारीच्या तळावर गेले आणि गावात वाद पेटला. हिरवेवाले आणि तांबडेवाले, असे दोन तट. न्हाव्याकडे तोच विषय, बाजारात तोच. हिरवेवाले म्हणत, तांबडीला जादा चाक ठेवायला जागा नाही, ती गाडी कसली. तांबडेवाले म्हणत, हिरवीची पाठ म्हणजे धान्याची कोठी. पुढचं तोंड महत्त्वाचं की मागची पाठ, यावर माणसं जेवण विसरली. ज्यांना त्या गाडीत कोणी जन्मात बसवणार नव्हतं, ती भांडत होती.

मी हिरवेवाल्यांचा पुढारी. माझा हुकमी मुद्दा रंगाचा होता. "तांबडा रंग लोकाले भुलवते," मी म्हणायचो. "रंग काढा अन् मंग बोला."

तुळशीरामनं ते मनावर घेतलं. वादासाठी नव्हे; त्याला वाद घालता येतच नसे. त्याला ते खरंच बघायचं होतं. त्यानं कोळसा घेतला आणि आमच्या मांडवाच्या पांढऱ्या भिंतीवर दोन्ही गाड्या काढल्या, मागून, थोड्या बाजूनं. रंग नाही, काही नाही, नुसत्या रेघा. हिरवीची पेटी झाली. आणि तांबडी — बघणारे बोलायचे थांबले. माझे हिरवेवालेसुद्धा. बाप हातातला रंधा तसाच धरून उभा राहिला. मी म्हटलं, "कोळशानं काईबी सुंदर दिसते." कोणी हसलं नाही. त्या भिंतीचा राग मला आजही आहे.

आता त्या वर्षी आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं. आमच्यात लाकडावर पहिली रेघ मारणारा तो मुख्य कारागीर. गेरूत बुडवलेली दोरी ताणायची आणि सोडायची. जिथे तिची तांबडी रेघ उमटेल तिथे बाकीच्यांनी करवत लावायची. ती दोरी बापाच्या हातात होती, पण वयानं त्याचा हात आता स्थिर राहत नव्हता. ती आता दोघांपैकी एकाकडे जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. थोरला म्हणून, साफ हाताचा म्हणून ती माझीच, असं मी धरून चाललो होतो. नदीपलीकडच्या एका पाटलाची रेंगी तेव्हा मांडवात होती. भिंतीवरचं चित्र पाहिलं त्याच दिवशी बाप तुळशीरामला म्हणाला, "पाटलाच्या रेंगीची पाठ तुया मनानं कर."

तुळशीराम जंगलात गेला. अशा कामाला लाकूड वाकवत नाहीत, वाकलेलं शोधतात. त्यानं तिवसाची एक फांदी आणली, झाडावरच तसा बाक घेऊन वाढलेली. ती मधोमध उभी चिरली की डावं आणि उजवं, दोन्ही अंगांना एकच बाक येतो. त्यानं चिरली. दोन तुकडे शेजारी उभे केले. ती तांबडी गाडीच होती, आमच्या लाकडात उतरलेली. मी ते तुकडे पाहिले आणि दोरी कोणाकडे जाणार ते मला कळलं.

त्याच दिवसांत तळावरून निरोप आला की हिरवीचं दार पुन्हा कुरकुरतंय. साफ हाताचा म्हणून मी गेलो. हिरवीचे साहेब — चष्मेवाले, भला माणूस — स्वतः न्यायला आले होते. मी त्या गाडीत बसलो. रस्ता पार कोपराला लागून पळत होता. काम झाल्यावर मी त्यांना विचारलं, दोन्हींत देखणी कोणती? ती हिरवी त्यांची स्वतःची. मला वाटलं, आपलं उत्तर आलंच.

ते हसले. म्हणाले, "वो लाल वाली. मैं तो उसके पीछे चलाता हूँ तो रास्ता नहीं देखता, उसकी पीठ देखता हूँ. जलता हूँ, भाई." आणि त्यांनी सांगितलं की ती गाडी लोक त्या पाठीसाठीच घेतात.

जलता हूँ — किती सहज बोलून गेला तो माणूस. हसत हसत. मला ते तेव्हाही जमलं नाही, नंतरही नाही.

आणि मग मी त्यांना सांगितलं, माझा भाऊ हेच म्हणतो. तो म्हणतो ती उभी असली तरी चालते आहे. का सांगितलं? कदाचित ते हसतील म्हणून. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुम्हारे भाई के पास आँख है. सबके पास नहीं होती. उसको बोलना, मैंने बोला है."

हा निरोप. एवढा एक निरोप माझ्यावर सोपवला होता.

परतताना लाकडाच्या ट्रकवर बसून मी घरी आलो. वाटेत मी काही ठरवलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी ठरवत होतो. शब्द जुळवून पाहत होतो, सांधे बसवतो तसेच. माझे सांधे घट्ट बसतात हे तुम्हाला सांगितलंच आहे.

तुळशीराम ते दोन तुकडे तासत बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "साहेब काई बोलले का गा गाडीचं?"

मी म्हणालो, "बोलले ना. तांबडीची ते पाठ मूळची नोहेच म्हने. पयले हिरवीसारखीच सरळ होती. एका झाडाले धडकली. मंग नागपुरात कोन्या पत्रेवाल्यानं ठोकून ठोकून कशीतरी गोल केली. साहेब हासून राह्यले होते, का लोकं त्यालेच सुंदर म्हनतेत."

त्याचा रंधा थांबला. तो चिडला नाही. चिडला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणात कदाचित खरं बाहेर पडलं असतं.

"खरंच?" त्यानं विचारलं.

"मी काऊन खोटं बोलू?"

तो उठला. भिंतीपाशी गेला. आपल्याच चित्राकडे बराच वेळ पाहत राहिला, कुठे ठोकल्याची खूण दिसते का असं. मग वळून माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, "मंग मले काईच समजत नाई, दादा."

दुसऱ्या सकाळी ती भिंत सारवलेली होती. पाटलाची रेंगी सरळ पाठीची झाली. बापानं कारण विचारलं तर तो नुसता 'नाई जमत' म्हणाला. दोरी माझ्याकडे आली. रीतसर, नारळ फोडून, चार लोकांसमोर. टाळ्या सगळ्यांत आधी त्यानं वाजवल्या.

उन्हाळ्यात तो आल्लापल्लीकडच्या एका लाकडाच्या डेपोत कामाला लागला. तिथे रेल्वेखाली घालायचे स्लीपर कापायचे असत. सरळ, चौकोनी, एकासारखा एक. निघताना त्यानं ते दोन वाकडे तुकडे माझ्या हातात दिले. "तुयाकडं राहू दे, लागन तं. मले आता सरळच लाकूड बरं," म्हणाला. मी ते घेतले. घेतले, आणि माळ्यावर टाकले.

पुढे एका बड्या घरची रेंगी आली. पटाला मिरवायची होती. मी माळ्यावर चढलो. तुकडे काढले, त्याच्या बाकावरच रेघ मारली, आणि तीच पाठ बसवली, माझ्या घट्ट सांध्यांनी. पटात बैल सोडून लोक रेंगीकडे पाहत राहिले. तेच उभं राहणं. काही न बोलता. या वेळी माझ्या कामापुढे.

हे सुचलं कसं, असं विचारलं तर मी सांगायचो, धिवरांच्या डोंग्यावरून. मासे धरायचा डोंगा मागच्या टोकाला असाच उतरतो, म्हणायचो. बाक तोच, फक्त त्याचा बाप बदलला. लोक 'गणपतचा उतार' म्हणू लागले. वडसा, ब्रह्मपुरीहून माणसं येऊ लागली, आणि त्या तुकड्यांचं माप धरून मी जंगलात तसंच वाकलेलं लाकूड शोधू लागलो. तुम्हाला वाटत असेल, असा माणूस आतल्या आत कुढत असेल. नाही. मला गोड लागत होतं. कुठे थोडं कडू लागायचं तर ते एवढंच — लोक वाखाणायचे ती नजर माझी नाही हे मला माहीत होतं, आणि ज्याची होती तो दूर जंगलात करवत ओढत असतानाही मी त्याच्यावर जळतच होतो. दोरी मिळाली, नाव मिळालं, तरी जळणं गेलं नाही.

मग कितीतरी वर्षांनी तुळशीराम आला. थोरल्या पोरीचं लग्न काढलं होतं, तिला सासरी रेंगीतून पाठवायचं होतं. "तुया उताराची कर," म्हणाला. मी केली. माझ्या हातची ती सगळ्यात चांगली रेंगी. नेण्याच्या दिवशी त्यानं मागच्या पाठीवरून हात फिरवला, वरून खाली, अगदी थांबते तिथपर्यंत. त्याचा होणारा जावई सोबत होता. त्यानं विचारलं, हा बाक कुठून आणला? मी तोंड उघडण्याआधी तुळशीरामच बोलला.

"डोंग्यावरून. दादाले दिसला." आणि मग माझ्याकडे पाहून, अगदी मोकळेपणानं, "डोंगा तं आपन दोघंबी रोज पाहत होतो. मले नाई दिसला. मी ठोकलेला पत्रा पाहून भुललो. बरं झालं तू तवा सांगतलं."

तेव्हा बोलायला काय लागत होतं? जावई ओळखीचाही नव्हता धड. बाप केव्हाच गेला होता. दोरी माझ्याकडून कोणी काढून घेणार नव्हतं. मी मान डोलावली. म्हटलं, "चहा घेऊन जा."

त्यानं चहा घेतला. बैल जुंपले. रेंगी निघाली आणि मी दारात उभा राहिलो. ती वळणापर्यंत मागून दिसत होती. बैल पाणी प्यायला नाल्यापाशी थांबले, रेंगी थांबली, आणि थांबली तरी ती चालतच होती.

तुळशीराम जिवंत आहे. डेपोतून सुटून आता पोराकडे राहतो, इथून बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय म्हणतात. साहेबाचा निरोप अजून माझ्याकडेच आहे.